पाचगणीचा फ्रेडी

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण. तेथील सेंट पीटर्स शाळेत आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फारोख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर झाला होता. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगा वसतिगृहात! मित्र त्याला फ्रेडी म्हणत.

फ्रेडीला पियानोचा फार नाद. रेडिओवर गाणे ऐकले, की तो ते पियानोवर वाजवून दाखवी. १९५८ साली पाच मुलांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. खर्जाचे वाद्य विकत कोण आणणार? चहाच्या रिकाम्या खोक्याला दोरी ताणून बांधली आणि काम भागले! गाणारा मुलगा मात्र दुसराच होता. फ्रेडी पियानोवर साथ करी.

शाळा संपली आणि बँडही मोडला. पुढे एक मित्र नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, दुसरा इंग्लंडमध्ये नट झाला. फ्रेडीने संगीत सोडले नाही. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली. बुलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेले. तेथे १९७० साली ‘क्वीन’ हा बँड सुरू झाला. फ्रेडी आता सर्वांच्या पुढे उभे राहून गाऊ लागले. मर्क्युरी हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतले.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी मोठा कार्यक्रम झाला. सुमारे सत्तर हजार श्रोते जमले होते. फ्रेडी रंगमंचावर आले आणि आधी पियानोपाशीच जाऊन बसले.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजाराने ते वारले. वय अवघे ४५. त्यांचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला.