डिझी डीन
अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात शेतमजुराच्या घरी जन्मलेल्या डिझी डीनचे (१९१०–१९७४) बालपण कापूस वेचण्यात गेले. शालेय शिक्षण जेमतेमच. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचा हा बेसबॉल-गोलंदाज १९३४ साली ३० सामन्यांत विजयी ठरला. १९३७ मध्ये चेंडू लागून त्याच्या पायाचे बोट मोडले. ते बरे होण्यापूर्वीच तो मैदानात उतरला. दुखरा पाय सांभाळताना फेक बदलली आणि हातच अधू झाला. १९४१ पासून तो नभोवाणीवर सामन्यांचे धावते वर्णन करू लागला. त्याच्या अशुद्ध इंग्रजीविरुद्ध मिसुरीतील शिक्षकांनी १९४६ साली तक्रार केली. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या आम्हांस, शिक्षक असूनही, डीनचीच बाजू पटते. श्रोत्यांनाही ती रांगडी वाणीच प्रिय होती. ब्राउन्स संघाच्या गोलंदाजांवर तो सतत टीका करी. अखेर १९४७ साली त्या संघाकडून स्वतःच एक सामना खेळून त्याने ४ डावांत एकही धाव दिली नाही.