कर्मवीर अण्णा आणि लक्ष्मीवहिनी

स्मरणिकेसाठी लिहा असे सांगितल्यावर मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कॉलेजे काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, हे आठवले आणि धीर आला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी झाला. कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हा, हे त्यांनी मानले नाही. म्हणून राहते वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शिकणाऱ्या मुलाला राहण्यास जागा नसली म्हणजे काय होते, हे त्यांना असे स्वानुभवाने कळले.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

नाव मोठे झाले, पण कणगी रिकामीच. खेड्यातल्या गरिबाच्या पोराची अडचण फीपुरती नसते. दोन वेळची भाकरी हीच खरी अडचण. अण्णा धान्य आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. मागे वसतिगृह सांभाळीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, मुलांच्या वहिनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने सर्व जातींची लेकरे पोटाशी धरली. अंगावरचे सोने एकेक करून मुलांच्या अन्नापायी गेले. शेवटी मंगळसूत्रही गेले. सौभाग्यवती बाईला ते गळ्यातून काढताना काय वाटले असेल, हे आपणांस कोणी सांगावयास नको. १९३० साली वहिनी वारल्या. पुढचे वैभव त्यांनी पाहिले नाही.

१९४७ साली अण्णांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने शेतात, बांधकामावर राबावे, तिथेच राहावे, जेवावे आणि शिकावे, अशी सोय केली. हीच 'कमवा आणि शिका' योजना. यात मुलाची मान खाली जात नाही. भीक घेतल्यासारखे न वाटता तो घामाची भाकरी खातो. ९ मे १९५९ रोजी अण्णा गेले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते.

अण्णांचे पुतळे पुष्कळ ठिकाणी आहेत. ते पाहताना वहिनींचा रिकामा गळाही आठवावा, एवढेच माझे मागणे. आपल्या आळीतही खोली घेऊन शिकणारी परगावची मुले-मुली असतात. त्यांना परीक्षेचे मार्क विचारण्याआधी, जेवलास का बाळा, एवढे आपण विचारू या. आणि नाही म्हणाला, तर एक पान वाढू या.