ऑईल गळतं कुठून?

खरं सांगतो, मला इंजिनिअर व्हायचंच नव्हतं. लातूरला दोन वर्षं रट्टा मारला तो मेडिकलसाठी. थोडक्यात हुकलं आणि बॅग घेऊन नांदेडच्या होस्टेलवर आलो. पहिलं सेमिस्टर तोंड पाडूनच काढलं.

दिवाळीत मामाच्या गॅरेजवर बसलो होतो. एका जीपचा इंजिन ब्लॉक ऑईलने माखलेला. मी लगेच म्हटलं, सम्पचं पॅकिंग गेलं. मामा हसला. त्याने ब्लॉक डिझेलने धुतला, कोरडा पुसला, वर टाल्कम पावडर मारली आणि इंजिन चालू केलं. पावडरीत ओली रेघ उमटली ती वर, टॅपेट कव्हरखाली. गळत होतं वरून, दिसत होतं खाली! जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवलं, बोल्ट बेताने आवळले. काम फत्ते.

सुट्टीनंतर लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हाती लागलं. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत. ब्रश सुटला, पण रेषा सुटली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामुअण्णांच्या सायकलच्या दुकानात आले. मग कडबा कापायचं यंत्र केलं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात! लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पुढे बेळगावातली जागाही गेली. औंधच्या राजांनी माळरान दिलं. निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुलगा शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी काढली. आपल्या मराठवाड्यातल्या विहिरींवर डिझेल इंजिनांची टुकटुक कोणी ऐकली नाही? लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

पुस्तक मिटलं तेव्हा मामाची पावडर आठवली. मीही माझी गळती मार्कांतच शोधत होतो. खरं तर हातातलं काम मी मन लावून कधी केलंच नव्हतं.

मेडिकल रिपीटचा फॉर्म अजून बॅगेत आहे, कोरा. उद्या वर्कशॉपचं सबमिशन आहे. जॉब अजून फाइल करायचाय.