सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कॅन्सरच्या पेशींपर्यंत. कोण होत्या डॉ. कमल रणदिवे?

शुक्रवार पेठ, सोलापूर : सीताफळाच्या पानांनी कॅन्सर बरा होतो, असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. 'प्रयोगशाळेत सिद्ध' एवढे दोन शब्द जोडले की तो खराही वाटतो. पण प्रयोगशाळेत नेमकं काय सिद्ध होतं? डॉ. कमल रणदिवे यांचं आयुष्य पाहिलं की ते नीट कळतं.

सुरुवात सीताफळापासून
कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावं, ही वडिलांची इच्छा. त्यांनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केली. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांची गुणसूत्रं.

कॅन्सरकडे वळण
लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. जगप्रसिद्ध 'हेला' पेशी 1951 मध्ये वाढवल्या गेल्या, ती हीच प्रयोगशाळा. रणदिवे मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही काम केलं. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं.

वनस्पतीची चाचणी कशी होते?
- पानांचा अर्क वेगवेगळ्या प्रमाणात कॅन्सरच्या पेशींवर टाकतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात.
- तोच अर्क निरोगी पेशींवरही टाकून पाहतात. त्याही मेल्या, तर ते औषध नव्हे, विष.
- जिवाणूंसाठी काचेच्या बशीत त्यांचा थर वाढवतात. अर्काभोवती जेवढी जागा मोकळी राहते, तेवढा परिणाम.
- त्यानंतर प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर चाचण्या. बहुतेक अर्क इथपर्यंत पोहोचतच नाहीत.

मग सीताफळाचं काय?
या कुळातील ॲसिटोजेनिन ही द्रव्यं पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतात. बशीतल्या कॅन्सरच्या पेशी त्यामुळे मरतात. पण तीच यंत्रणा आपल्या मज्जापेशींतही असते. म्हणूनच काढा पिणं धोक्याचं ठरू शकतं. सदाफुलीतून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन मात्र सगळ्या चाचण्या पार करून 1963 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तेही शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

लक्षात ठेवा
सीताफळाचा गर खायला हरकत नाही. पण घरात कुणाची केमोथेरपी सुरू असेल, तर पानांच्या रसासाठी ती थांबवू नका. रस सुरू केला असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.