शुभ्र कड्यांचा शोधकर्ता : फ्रिट्झ वीसनर

न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर शावनगंक डोंगराचे पांढरेशुभ्र कडे उभे आहेत. ‘गंक्स’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कड्यांवर दोराला प्रथमच हात लावणारा नवशिका आणि मुरलेला प्रस्तरारोहक शेजारशेजारच्या वाटांनी चढताना दिसतात. ही भूमी आरोहकांना दाखवून दिली ती फ्रिट्झ वीसनर या जर्मन स्थलांतरिताने.

वीसनर यांचा जन्म १९०० साली ड्रेस्डेन येथे झाला. एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर ते घडले. खडकात खिळे ठोकून त्यांच्या आधाराने वर सरकणे तेथे निषिद्ध मानले जाई. चढायचे ते स्वतःच्या हातापायांच्या बळावर. ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली. १९२९ मध्ये ते अमेरिकेत आले आणि रसायनांच्या व्यवसायात स्थिरावले.

१९३५ साली हडसन नदीकाठच्या एका कड्यावर चढत असताना वादळी पाऊस होऊन गेला. आभाळ निवळताच दूर क्षितिजावर पांढऱ्या कड्यांची रेघ त्यांना दिसली. पुढच्याच सुट्टीत ते तेथे पोहोचले आणि मिलब्रुकच्या कड्यावर त्यांनी पहिली वाट चढून काढली. गारगोटीच्या या कठीण खडकाचे थर जवळजवळ आडवे असल्याने उभ्या भिंतीवरही हाताला भक्कम पकड मिळते. म्हणूनच छाती दडपून टाकणाऱ्या उंचीवरच्या वाटाही सामान्य आरोहकाच्या आवाक्यात येतात. पुढे अध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणारे डॉ. हान्स क्राउस यांच्यासह वीसनर यांनी १९४१ मध्ये ‘हाय एक्सपोजर’ ही अशीच विख्यात वाट खुली केली.

दरम्यान १९३६ मध्ये कॅनडातील माउंट वॉडिंग्टन आणि १९३७ मध्ये वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर त्यांनी सर केला होता. १९३९ साली ते के-टू मोहिमेचे नेते झाले. १९ जुलैच्या संध्याकाळी, कृत्रिम प्राणवायूविना, ते आणि पासांग दावा लामा शिखरापासून जेमतेम अडीचशे मीटरवर पोहोचले. वीसनर रात्रभर चढण्यास तयार होते. मात्र अंधारात पुढे जाण्यास पासांग यांनी नकार दिला. एकट्याने पुढे जाण्याऐवजी वीसनर माघारी वळले.

उतरताना खालचे तळ रिकामे आढळले. झोपण्याच्या पिशव्याही तेथून हलविल्या गेल्या होत्या. सातव्या तळावर मागे राहिलेले डडली वुल्फ आणि त्यांना वाचविण्यास गेलेले पासांग किकुली, पासांग किटार व फिन्सू हे तीन शेर्पा परतले नाहीत. चार मृत्यूंचा ठपका नेत्यावर आला. महायुद्धाच्या त्या काळात त्यांचे जर्मन मूळही टीकाकारांच्या डोळ्यांत खुपले. अखेर त्यांनी अमेरिकन अल्पाइन क्लबचा राजीनामा दिला. नेता म्हणून त्यांचे कोठे चुकले, हा वाद अद्याप पुरता शमलेला नाही.

कडे मात्र त्यांनी सोडले नाहीत. १९६६ मध्ये त्याच क्लबने त्यांना सन्माननीय सदस्यत्व देऊन जुन्या अन्यायाचे परिमार्जन केले. ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही ते खडकावर चढत होते. ३ जुलै १९८८ रोजी व्हरमाँटमधील स्टो येथे त्यांचे निधन झाले. के-टूचे शिखर त्यांच्या हातून निसटले. गंक्सच्या शुभ्र कड्यांचे दान मात्र ते नवशिक्यांपासून निष्णातांपर्यंत सर्वांच्या पदरी टाकून गेले.