काट्याभोवती जमलेल्या पेशी

बारावीत बायोलॉजी सोडली तेव्हा मी सुटलो असं वाटलं होतं. पण काही माणसं सिलॅबसबाहेरही गाठतात. एली मेचनिकॉफ त्यातलाच एक.

१८४५ साली आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळ त्याचा जन्म झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा कोर्स पठ्ठ्यानं दोन वर्षांत संपवला. (याच्या बरोब्बर उलटं करणारे आपल्या होस्टेलवर आहेत, नावं घेत नाही!) हुशार खरा, पण स्वभाव टोकाचा. पहिली बायको ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयानं गेली, तेव्हा त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. काही वर्षांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा वाचला. हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्या शोधासाठी जग त्याला ओळखतं तो यानंतरचा आहे.

१८८२ मध्ये ओडेसातली प्रोफेसरकी सोडून तो सिसिली बेटावर मेसिनाला गेला. एक दिवस घरची मंडळी सर्कशीला गेलेली, हा एकटाच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला. समोर स्टारफिशची अळी. काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे आत फिरणाऱ्या पेशी सरळ दिसायच्या. त्याच्या डोक्यात आलं, या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूवरही चालून जात असतील तर? बागेतून गुलाबाचे काटे आणून अळीत टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! अळीला रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणजे पेशी स्वतःच चालत आल्या होत्या. त्यांना नाव मिळालं फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी.

मग सुरू झालं भांडण. रोगाशी पेशी लढत नाहीत, रक्तातला द्रव लढतो, असं जर्मनीतली बडी मंडळी म्हणत होती. १८८८ मध्ये पाश्चरनं पॅरिसच्या आपल्या संस्थेत त्याला जागा दिली, तिथूनही हा भांडतच राहिला. शेवटी १९०८ चं नोबेल त्याला आणि द्रववाल्यांच्या बाजूच्या पॉल एर्लिखला मिळून दिलं गेलं. दोघंही बरोबर होते! (याचाच ओडेसातला विद्यार्थी हाफकिन. मुंबईत प्लेगची लस त्यानंच केली. परळची संस्था आजही त्याच्या नावानं आहे.)

मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते पुढच्या गोष्टीनं. भक्षक पेशींतल्या मोठ्या पेशींना त्यानं मॅक्रोफेज म्हटलं. त्याच्या लेखी त्या शरीराच्या रखवालदार. पण आता कळलंय की कॅन्सरची गाठ सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडून त्यांना बोलावून घेते, आणि आलेल्या मॅक्रोफेज गाठीला खायचं सोडून तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात. शिवाय बऱ्याच कॅन्सरपेशी अंगावर सीडी४७ हे प्रथिन मिरवतात. मॅक्रोफेजला त्याचा अर्थ एकच, मला खाऊ नकोस. म्हणजे रखवालदार जागा आहे, फक्त त्याला मिळणारा सिग्नल खोटा. सीडी४७ अडवणाऱ्या मॅग्रोलिमॅब या औषधाच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचण्या २०२३-२४ मध्ये थांबवाव्या लागल्या. मात्र सीएसएफ-१ चा सिग्नल तोडणाऱ्या पेक्सिडार्टिनिबला सांध्यांतल्या एका दुर्मिळ गाठीसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

मेचनिकॉफ १९१६ मध्ये गेला. त्याची रक्षा पाश्चर संस्थेच्या लायब्ररीत, पुस्तकांमध्येच ठेवलेली आहे.