लीबिग यांचे फसलेले खत

इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये उद्रेक झाला. त्याच्या राखेने आणि वायूंनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जाणवलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले. जर्मनीतील डार्मस्टाट येथील रंग-रसायनांच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, युस्टुस लीबिग, तेव्हा १३ वर्षांचा होता. शाळेत त्याचे लक्ष नसे. त्याचे मन रमे ते वडिलांच्या रसायनांत. पुढे पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्याकडे शिकून तो मायदेशी परतला आणि १८२४ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला.

वनस्पती कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवरच पोसतात, असा त्या काळी समज होता. लीबिग यांनी १८४०च्या पुस्तकात तो खोडून काढला. कार्बन हवेतून येतो आणि खनिजे मातीतून, हे त्यांनी ठामपणे मांडले. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडते, त्यावरच पिकाची वाढ अडते, हा नियमही त्यांच्यामुळे सर्वदूर पोहोचला. मूळ कल्पना मात्र कार्ल श्प्रेंगेल यांनी आधीच मांडलेली होती.

मग लीबिग स्वतः खत बनवायला निघाले. ते १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीस आले. पावसाने पालाश वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी क्षार चुन्यासह वितळवून एकजीव केले. खत वाहून गेले नाही, पण ते पाण्यात विरघळेचना. अन्नद्रव्य शेतात होते आणि पीक उपाशी होते. शेतकऱ्यांचा पैसा वाया गेला. नत्र वेगळे देण्याची गरज नाही, हे त्यांचे मतही इंग्लंडमधील रॉदमस्टेडच्या शेतावरील प्रयोगांत टिकले नाही. पुढे १८५० मध्ये जॉन थॉमस वे यांनी दाखवले, की माती पालाश आणि अमोनिया स्वतःच धरून ठेवते. ज्या भीतीपोटी लीबिग यांनी खत अविद्राव्य केले, ती मुळात फोलच होती. त्यांनी १८६२च्या आवृत्तीत ही चूक जाहीरपणे मान्य केली. त्यांचे निधन १८७३ मध्ये म्युनिकमध्ये झाले.

वनस्पतींना जस्ताचीही गरज असते, हे १९२६ मध्ये सिद्ध झाले. भारतात तराई भागातील भाताच्या 'खैरा' रोगामागे जस्ताची कमतरता आहे, हे पंतनगरच्या य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवले. जस्ताविना पीक खुरटते. शिवाय दाण्यातच जस्त कमी असेल, तर भात-पोळीवर वाढणाऱ्या मुलांची वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही मार खातात.

अडचण मात्र लीबिग यांच्या खताचीच आहे. चुनखडीच्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून नॅनो खतांकडे पाहिले जाते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. झिंक ऑक्साइडचे कण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान केले की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि जस्त लवकर विरघळते. अनेक कुंडी-प्रयोगांत गहू-भाताच्या दाण्यातील जस्त वाढले. प्रत्यक्ष शेतात मात्र निकाल एकसारखे नाहीत. विरघळलेले जस्त चुनखडीत पुन्हा अडकू शकते आणि मात्रा जास्त झाली तर मुळांना व मातीतील जिवाणूंना अपाय होतो. याउलट, दाणे भरताना केलेल्या साध्या झिंक सल्फेटच्या फवारणीने गव्हातील जस्त वाढते, हे अनेक देशांतील शेतांवर दिसले आहे.

म्हणूनच नॅनो खताची तुलना त्या फवारणीशी व्हायला हवी आणि तीही शेतात, दाण्यातील जस्त मोजून. लीबिग यांच्या खताचा सिद्धांत कागदावर बिनचूक वाटत होता. त्यातली खोट शेतात गेल्यावरच कळली.